दुपार ओळखीची होती, संध्याकाळ नव्हती

खान्देशातल्या घरांना दुपारची टाळेबंदी नवी नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत लहान मुलाला कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. दारे-खिडक्या लोटून, कूलरसमोरच्या ओल्या फरशीवर मुलांना कसे रमवायचे, हे आमच्याकडच्या आज्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे करोनामुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा, अमळनेरच्या आमच्या घरात पाच वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि नाना, म्हणजे माझे सासरे, असे सगळे असताना मला दुपारची फारशी काळजी वाटली नाही. काळजी होती ती संध्याकाळची. ऊन उतरले की गल्लीत पाणी मारले जाते, ओट्यांवर माणसे येऊन बसतात आणि लहानमोठी मुले एकमेकांच्या अंगणांत शिरतात. तो खेळ एकाएकी बंद झाला. मी एरवी बालवाडीत शिकवते, म्हणून त्या दिवसांत पालकांचे फोन येत आणि दिवसभर मुलांना कशात गुंतवून ठेवायचे, हाच बहुतेकांचा प्रश्न असे. माझे मत तेव्हा बनले आणि आजही तेच आहे: घरात मुलांना गुंतवायला वस्तू पुष्कळ होत्या, सवंगडी नव्हते, आणि घरातल्या मोठ्यांनी आपली शक्ती मुख्यतः या दुसऱ्या उणिवेवर खर्च करायला हवी होती.

प्रत्यक्षात शक्ती खर्च झाली ती पहिल्या गोष्टीवर. व्हॉट्सॲपवर रोज नवी ‘ॲक्टिव्हिटी’ येत असे: रंगवलेले तांदूळ, कार्डपेपरची फुलपाखरे, कापसाचे ससे. स्टेशनरीची दुकाने बंद, घरात तीन वेळचा स्वयंपाक, पुरुषमाणसे दिवसभर घरी, आणि अशात आईने रोज अर्धा तास खपून एक वस्तू तयार करायची, जिच्याकडे मूल दहा मिनिटांत पाठ फिरवते. फोन करणाऱ्या आयांना मी हे सगळे बंद करायला सांगत असे. तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज नवे काही लागत नाही. त्याला कालचीच परात, कालचेच डबे आणि कालचाच खेळ पुढे चालवायला हवा असतो. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले तेव्हा माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी दगड, शिंपले, बिया, पाने यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली. अंगणवाडी ही कल्पना तिथलीच. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने १९७१ मध्ये असे मांडले की, ज्या परिसरात हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जास्त असतात, तिथे मुलांची कल्पकता जास्त चालते. खान्देशातल्या कोणत्याही घरात अशा सुट्या वस्तूंचा ढीग असतो: घमेले, पाट्या, सूप, जुन्या साड्या, मक्याची सोललेली कणसे, कपाशीच्या वाळक्या काड्या, केळीच्या खोडाची सालपटे. त्या वर्षी वाहतूक अडल्यामुळे रावेर-यावलकडच्या केळीला उठाव नव्हता आणि ओळखीचे शेतकरी घड असेच देऊन जात. खोडाच्या सालपटांच्या होड्या घमेल्यातल्या पाण्यावर सोडायला धाकट्याला कोणी शिकवले नव्हते.

दुपारचा खरा आधार मात्र वाळवणाचा होता. टाळेबंदीचे पहिले दोन महिने म्हणजे आमच्याकडे कुरडया, शेवया, उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे करण्याचे दिवस. एरवी गल्लीतल्या बायका एकमेकींकडे लाटायला जातात. त्या वर्षी ज्याचे त्याने आपापल्या घरात केले, म्हणून हात कमी पडत होते आणि मुलांचे हात चालवून घ्यावे लागत होते. गव्हाचा चीक शिजताना त्यातली वाटीभर कोणाला मिळणार यावरून होणारी भांडणे सोडली, तर या कामाइतका चांगला खेळ मी बालवाडीत कधी लावू शकलेले नाही. पापडाच्या पिठाची लाटी मुलीच्या हातात दिली की तिची आधी गोळी होई, मग साप, मग त्या सापाला पिल्ले होत, मग पिल्लांना ओळीने झोपवले जाई आणि कोण लहान, कोण मोठे हे ठरवताना ती आपण होऊन मोजत असे. धाकटा फक्त पीठ दाबत असे. तो अर्धा तास दाबत असे, आणि अडीच वर्षांच्या वयात तेवढे पुरेसे असते. त्याच्याकडून गोल पापडाची अपेक्षा करणाऱ्या मोठ्यांची मला गंमत वाटते. सासूबाईंना बालशिक्षणाचा एक शब्द ठाऊक नाही, पण कामाला खेळ कसा जोडावा हे त्यांना अचूक कळते. सकाळी लवकर गच्चीवर वाळवण पसरले की त्या नातीच्या हातात काठी देऊन म्हणत, “माय, आते तूच राखनदार.” कावळ्या-चिमण्यांपासून राखण करण्याचे हे काम खरे होते, म्हणून त्याला मान होता, आणि ऊन चढेपर्यंत त्या राखणदाराची राणी होई, राणीचा किल्ला होई, कावळे शत्रू होत. २८ मार्चपासून दूरदर्शनवर जुनी पौराणिक मालिका पुन्हा लागली, तेव्हापासून तर काठी गेली आणि खराट्याच्या काड्यांचे बाण आले. काड्यांची टोके मोडून बोथट करून देणे, एवढाच त्या युद्धातला माझा वाटा होता.

मोठ्यांचा वाटा किती असावा, हा या सगळ्यातला नाजूक भाग आहे. घरात माणसे भरपूर असली की मुलाच्या खेळावर नजरा फार पडतात आणि प्रत्येकाला काहीतरी सुधारायचे असते. मुलीने दुकान मांडले की नाना गिऱ्हाईक होऊन येत, पण दोन मिनिटांत पन्नासातून अठ्ठावीस गेले किती राहिले, हे विचारू लागत; ते आयुष्यभर हिशेबाच्या कामात होते, त्यांचा तरी काय दोष. दुकान मग बंद होई. गिऱ्हाइकाने वस्तू मागावी, दुकानदार सांगेल तो भाव मुकाट्याने द्यावा आणि फार तर एक अडचण निर्माण करून गप्प बसावे, म्हणजे “पिशवी विसरलो हो, आता कशात नेऊ?” असे विचारून थांबावे. त्यानंतर दुकानदार पिशवी शिवतो, उसनी देतो किंवा गिऱ्हाइकालाच रागावतो. खेळाचे सूत्र मुलाकडे राहते आणि मोठ्याच्या येण्याने खेळ एक पाऊल पुढे जातो. चुकीचे रंग, चुकीचे आकडे, उलटे शब्द हे खेळात दुरुस्त करू नयेत, असे मी पालकांना सांगत असे आणि त्यांना ते पटत नसे, कारण शाळा बंद असल्याने मूल मागे पडेल ही भीती त्यांच्या मनात घर करून होती.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड होता. दोन खोल्यांत सहा माणसे असली की मांडलेला खेळ तासाभरात उचलावा लागतो आणि मुलाचा धागा तुटतो. आमच्या घरी यावर एक करार झाला: बाजेखालची जागा मुलांची, तिथे जे मांडले असेल ते रात्रीच्या केरापर्यंत कोणी हलवायचे नाही. वर नाना पेपर वाचत आणि खाली दवाखाना, गोठा, बस स्टँड असे सगळे चाले. खेळणी वाढवण्यापेक्षा अशी एक न हलणारी जागा दिल्याने खेळ जास्त वेळ टिकतो, हे मी नंतर बालवाडीतही अमलात आणले.

शरीराच्या खेळाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या होत्या. त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यातली किमान ६० मिनिटे चांगली दमवणारी असावी आणि बसून पडदा पाहणे एका तासापेक्षा जास्त नसावे. गल्ली बंद असताना हे आकडे अशक्य वाटतात, पण हालचाल म्हणजे मैदानच असे नाही. गाद्या गच्चीवर चढवणे-उतरवणे, तांब्यातांब्याने पाणी नेऊन झाडांना घालणे, उशांच्या रांगेवरून जमिनीला पाय न लावता पलीकडे जाणे, यांत मुले घामाघूम होतात. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सातनंतर गच्चीवर धावू दिले तर उरलेला हिशेब भरून निघतो. खेड्यांतल्या काही घरांत त्या वर्षी खरेदी थांबल्यामुळे कापूस पडून होता आणि त्या ढिगात उड्या मारण्याइतका मोठा आनंद नव्हता. मात्र साठवलेल्या कापसातल्या किडींमुळे अंगाला खाज सुटते आणि ढिगात लहान मूल गाडले जाऊन गुदमरू शकते, म्हणून तिथे मोठे माणूस उभे असणे आवश्यक.

धोक्यांचे बोलायचे, तर खान्देशी उन्हाळ्यात माझ्या मते सर्वांत मोठा धोका कूलरचा. पत्र्याच्या कूलरला ओल्या हाताने हात लावून विजेचा धक्का बसण्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि मुले दिवसभर त्याच्यासमोरच खेळत असतात. पाणी भरताना बटण बंद व पिन काढलेली, आणि कूलरसमोर पाण्याचा खेळ नाही, हे दोन नियम कडक असावेत. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत घरोघरी ड्रम भरलेले असतात. त्यांना झाकण हवे, कारण लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, मणी, शेंगदाणे नकोत. त्या वर्षी भर पडली ती सॅनिटायझरच्या बाटल्यांची, ज्यांत अल्कोहोल असते आणि ज्या घरोघरी दाराजवळच्या स्टुलावर, नेमक्या मुलांच्या उंचीवर ठेवलेल्या असत.

आता संध्याकाळ. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी अभ्यासिकेने १९३२ मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचे जे टप्पे नोंदवले, ते आजही उपयोगी पडतात: मूल आधी एकटे खेळते, मग दुसऱ्याचा खेळ नुसता पाहते, मग दुसऱ्याशेजारी बसून आपापले खेळते, मग वस्तूंची देवाणघेवाण करत खेळते आणि शेवटी ठरवून, भूमिका वाटून घेऊन एकत्र खेळते. माझा धाकटा शेजारी बसून खेळण्याच्या वयात होता, मोठी भूमिका वाटण्याच्या. तिला नियम पाळणारा जोडीदार हवा होता आणि याला नियम म्हणजे काय तेच माहीत नव्हते, त्यामुळे दोन भावंडे आहेत म्हणून सोबतीचा प्रश्न सुटला असे समजणारे फसतात. त्याला बाळ, वासरू किंवा पेशंट केले की खेळ चाले, कारण या तिन्ही भूमिकांत नियम कळावा लागत नाही. एकुलत्या मुलांच्या आईवडिलांना मी सांगत असे की, दिवसातला एक ठरलेला वेळ मोठ्या माणसाने मुलाच्या वयाचे व्हावे, हरावे, चिडावे, डाव मागावा. मोठी माणसे नेहमी समजूतदारपणे खेळतात आणि त्यामुळे मुलाला भांडून पुन्हा जमवून घेण्याचा सराव मिळत नाही.

आमच्या भागात घरांच्या गच्च्या आणि धाबी एकमेकींना लागून असतात, उन्हाळ्यात माणसे तिथेच झोपतात, आणि त्याचा उपयोग झाला. संध्याकाळी आपापल्या कठड्याच्या आत राहून मुले ‘मी करतो ते तू कर’ खेळू लागली: एकाने उडी मारली की चार गच्च्यांवर उड्या, एकाने ताट वाजवले की सगळीकडे ताटे. २२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता मोठ्यांनी थाळ्या वाजवल्या होत्या, तो कार्यक्रम मुलांनी पुढे महिनाभर स्वतःच्या जबाबदारीवर चालवला. काडेपेट्यांच्या दोऱ्याचे फोन दोन गच्च्यांच्या मध्ये बांधले गेले. दूरच्या आतेभावंडांशी व्हिडिओ कॉल होत, पण “बोल ना, दादाला नमस्कार कर” असे म्हणत मुलाच्या तोंडापुढे फोन धरणे निरुपयोगी ठरते. चार वर्षांच्या मुलाकडे बोलण्यासारखे काही नसते. फोन डब्याला टेकवून ठेवावा, दोन्हीकडे पीठ किंवा ठोकळे द्यावेत आणि मोठ्यांनी बाजूला व्हावे. मग मुले शेजारी बसून खेळल्यासारखी खेळतात, अधूनमधून एकमेकांना काहीतरी दाखवतात, बराच वेळ गप्प असतात. पुण्याची भाची आणि माझी मुलगी अशा तासभर खेळल्या आहेत.

२६ एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. माहेरी येणाऱ्या लेकी आल्या नाहीत, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले गेले नाहीत. आम्ही घरातल्या कडीला दोर टाकून झोका बांधला आणि तो पावसाळ्यापर्यंत काढला नाही. चिडचिड वाढली की मूल आपण होऊन झोक्यावर जाई. लहान जागेत मोठी हालचाल देणारे याहून स्वस्त साधन मला माहीत नाही, फक्त कडी मजबूत हवी आणि खाली गादी.

मुलांनी स्वतः काय खेळायचे ठरवले, याकडे मात्र घरोघरी फार कमी लक्ष दिले गेले. ती करोनाच खेळत होती. बाजेखाली बाहुली एकटी झोपवलेली असे, तिला लांबून पट्टीने ताट सरकवले जाई, फडक्याचा मास्क लावलेली डॉक्टर येई, कोणीतरी पोलीस होऊन काठी आपटे. जून २०२० च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातले मृत्यूंचे प्रमाण देशभर चर्चेत होते, मोठी माणसे दबक्या आवाजात बोलत होती आणि मुले ते सगळे ऐकत होती. धाकट्याने एकदा अंगावर चादर ओढून “मी मेलो” असे जाहीर केले, तेव्हा सासूबाईंनी त्याला उठवून तोंडात साखर घातली आणि असले अशुभ खेळायचे नाही असे सुनावले. त्यांची भीती मला समजते, तरी मी त्या खेळाच्या बाजूने होते. जे विचारता येत नाही ते मूल खेळून पाहते. बाहुली बरी होऊन बाजेखालून बाहेर आली की त्याचीही थोडी सुटका होते. लक्ष ठेवायचे ते, खेळ पुढे सरकतो की नाही यावर. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात चौचिला येथे शाळेच्या बसमधून २६ मुलांचे अपहरण झाले होते. ती सर्व सुखरूप परतली, आणि मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी पुढे त्यांचा अभ्यास केला. भेदरलेली मुले एकच प्रसंग तसाच्या तसा, आनंद न घेता, पुन्हा पुन्हा खेळत राहतात, असे त्यांना दिसले. असे दिसले तर मोठ्याने खेळात शिरून एखादे दार उघडावे, म्हणजे बाहुलीसाठी रुग्णवाहिका आणावी, आजीचा फोन आणावा, औषध सापडल्याची बातमी आणावी. आणि तरीही मूल झोपेत दचकत असेल, खात नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे.

ऑनलाइन बालवाडीविषयी थोडक्यात. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ सूचनांत पूर्वप्राथमिक गटासाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे, तीही पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी, असे म्हटले होते. तरीही ओळखीच्या एका घरी शाळेच्या सांगण्यावरून साडेचार वर्षांच्या मुलाला गणवेश घालून दीड तास मोबाइलपुढे बसवले जात असे, आणि पडद्यापुढून उठला की तो उरलेला दिवस रडत असे. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मोबाइलच नव्हते. तिथे अंगण होते, भावंडे होती, म्हणून खेळाच्या दृष्टीने ती मुले शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलांपेक्षा कमी अडकलेली होती, असे मला वाटते. पण अंगणवाडी बंद झाल्याने त्यांचे गरम जेवण गेले आणि त्याऐवजी घरपोच कोरडा शिधा आला, हे विसरून त्या मोकळेपणाचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

राज्यात पूर्वप्राथमिक वर्ग सुरू करण्याची परवानगी मिळाली ती २४ जानेवारी २०२२ पासून. माझ्या वर्गात आलेली चार-पाच वर्षांची कित्येक मुले भिंतीला टेकून दुसऱ्यांचा खेळ नुसता पाहत उभी राहत, आणि पालक मात्र अक्षरओळख कधी सुरू होणार म्हणून विचारत होते. आम्ही पहिले काही आठवडे सकाळचा सगळा वेळ मोकळ्या खेळाला दिला, वयाने मोठी आणि लहान मुले मुद्दाम एकत्र ठेवली आणि पाटी-पेन्सिल कपाटातून काढलीच नाही. भिंतीजवळच्या मुलांना कोणी ओढून खेळात नेले नाही. त्यांच्याजवळ फक्त घमेले, वाळू आणि आपले आपण खेळणारे एखादे शांत मूल बसवले. फेब्रुवारीच्या अखेरीस वर्गात भातुकलीच्या भांडणांचा गलका इतका वाढला, की शेजारच्या वर्गातून दार लावून घेण्याचे निरोप येऊ लागले.